पाचवी रकात

मोठ्या सरांनी बाईंच्या हातातला खडू काढून घेतला. मागितला नाही, काढूनच घेतला, आणि सहावीच्या अडतीस पोरांदेखत फळ्याशी उभे राहून म्हणाले,

"बसा तुम्ही. मी दाखवतो."

बसायला वर्गात खुर्चीच नव्हती. शिक्षकाने तासाला बसायचं नाही हा सरांचाच नियम, म्हणून तीन वर्षांपूर्वी सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या उचलून जिन्याखाली रचल्या होत्या. बाई कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा स्कार्फ त्यांनी उगाचच नीट केला.

घडलं होतं ते एवढंच. अपूर्णांकांची बेरीज चालली होती, दोन छेद तीन अधिक एक छेद चार. छेद सारखे करून झाले, आठ छेद बारा आणि तीन छेद बारा, आणि बेरीज म्हणून बाईंनी लिहिलं दहा छेद बारा. दुसऱ्या बाकावरची चष्मेवाली ताडकन म्हणाली, "बाई, चुकलं. अकरा." मग तिची शेजारीण म्हणाली अकरा. मग खिडकीकडची सगळी रांग म्हणायला लागली, अकरा, अकरा. बाई हसल्या. "पकडलंत ना मला? ये, तूच दुरुस्त कर," असं म्हणून त्यांनी खडू चष्मेवालीपुढे धरला. थोडा गलका झाला, दोघंतिघं बाकावरून अर्धी उठली. मागच्या बाकावर गुडघ्यावर निरीक्षण वही धरून बसलेल्या मोठ्या सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सरांनी गणित पहिल्यापासून सोडवलं. सुरेख सोडवलं, अक्षर छापल्यासारखं. वर्गात हूं नाही की चूं नाही. मग ते मुलांकडे वळले.

"शिक्षक चुकला तर पोरांनी असं ओरडायचं असतं? ही शाळा आहे की बाजार?"

चष्मेवालीने मान खाली घातली. सरांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात झटकले आणि दारातून जाता जाता बाईंना म्हणाले, "तीन वाजता ऑफिसात या. सही करायची आहे."

हे त्यांनी हळू म्हणायला हवं होतं. हळू म्हणण्याची त्यांना सवयच नव्हती.

तीन वाजताची सही म्हणजे काय, हे त्या इमारतीत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या शिक्षकाची वर्षात तीन निरीक्षणं व्हायची. तिसऱ्या निरीक्षणाचा शेरा पाकिटातून संस्थेच्या अध्यक्षांकडे जायचा आणि त्यावर नोकरी कायम व्हायची किंवा संपायची. चांगला शेरा असला की सर स्टाफरूममध्ये येऊन सांगत. वाईट असला की तीन वाजता ऑफिसात बोलावत. आणि बाईंचं हे तिसरं निरीक्षण होतं. अकरा महिने त्या दोन बस बदलून या शाळेत येत होत्या, आणि आधीची शाळा त्यांनी या शाळेसाठी सोडली होती.

मोठ्या सरांना शाळेत पाठीमागे लाल पेन म्हणत. तोंडावर कुणी काहीच म्हणत नसे, आणि तीच तर सगळी भानगड होती.

माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. सोळा वर्षांपूर्वी दोन भाड्याच्या खोल्यांत त्यांनी ही शाळा उभी केली. सकाळी कुराण आणि दीनियात म्हणजे धर्माचे धडे, मग इतर शाळांत शिकवतात ते सगळं, गणित, विज्ञान, भाषा. पहिल्या वर्षी फळासुद्धा त्यांनीच रंगवला होता. पाचव्या वर्षी एक तपासणी अधिकारी आला. चार वर्ग फिरला, एका तक्त्यावर एका ग्रहाचं नाव चुकलेलं त्याला दिसलं, आणि तो नुसता हसला. "तुमच्याकडे पाठांतरावरच भर असेल, नाही का?" म्हणाला. सरांनी त्याला चहा पाजून गेटपर्यंत पोचवलं. पण ते हसू त्यांच्या छातीत जे जाऊन बसलं ते बसलंच. लोक आपली एक चूक सापडायची वाट बघतायत, असं त्यांनी मनाशी घेतलं, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही. मग त्यांनी ठरवलं की या इमारतीत कुणाची चूक दिसताच कामा नये. चूक होऊ नये म्हणून कुणाला हात द्यावा, असं मात्र त्यांनी ठरवलं नाही. अकरा वर्षांत त्या अधिकाऱ्यावरचा राग ते आपल्याच शिक्षकांवर काढत आले.

दोन वर्षांपूर्वी भाषेच्या म्हाताऱ्या सरांनी बैठकीत सांगितलं होतं की परिपत्रकात परीक्षेची तारीख चुकली आहे. सरांनी तारीख दुरुस्त केली, आभार मानले, आणि पुढच्या पंधरा दिवसांत म्हाताऱ्या सरांच्या तासाला सात वेळा जाऊन बसले. वर्ष संपायच्या आत म्हातारे सर दुसरीकडे गेले. त्यानंतर बैठका फार लवकर आटपायला लागल्या, आणि सरांना वाटलं, कारभार सुधारला.

ऑफिसात येऊन त्यांनी निरीक्षणाचा छापील तक्ता पुढे ओढला. लाल शाईने लिहिलं, "वर्गात धाक नाही. विद्यार्थी शिक्षिकेच्या चुका काढतात व शिक्षिका त्यांस उत्तेजन देते. कायम करू नये." खाली सही ठोकली. टेबलाच्या कोपऱ्यात पेपरवेटखाली सगळ्या शिक्षकांच्या टाचणवह्या होत्या. कुठल्या दिवशी काय आणि कसं शिकवणार, ते आधी लिहून काढायच्या वह्या. सोमवारपासून पडल्या होत्या. त्यातली एकही त्यांनी उघडली नाही, फक्त ढीग सरळ केला.

सव्वा वाजता जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेसाठी सगळे हॉलमध्ये जमले. पुढे पुरुष शिक्षक, त्यांच्यामागे मुलगे, मग मोकळी जागा, मग मुली आणि शिक्षिका. मोठे सर इमाम. गेली सोळा वर्षं तेच. जोहरला चार रकाती, म्हणजे उभं राहणं, वाकणं, दोनदा माथा टेकणं, असे चार फेरे, आणि चौथ्यानंतर बसून शेवट. हे सगळं मनातल्या मनात पढायचं असतं. इमाम पुढे काय म्हणतोय ते मागच्यांना ऐकू येत नाही, तो उठला की उठायचं आणि बसला की बसायचं.

त्या दिवशी सरांचे ओठ एक म्हणत होते आणि डोकं दुसरंच. डोक्यात अध्यक्षांना लिहायचं पत्र चाललं होतं. बाजार हा शब्द घालावा की नको, यावर ते दुसऱ्या रकातीपासून अडले होते. चौथ्या रकातीचे सजदे, म्हणजे माथा टेकणं झालं, आणि बसायच्या जागी ते उठून सरळ उभे राहिले.

मागून नेहमी लगेच कपड्यांची सळसळ येते. आज ती आली नाही. आणि मग, दोन श्वास उलटून गेल्यावर, आली. पुढचे सगळे उठले.

हात बांधून सरांनी पुन्हा पहिल्यापासून पढायला सुरुवात केली. तेवढ्यात पार मागून आवाज आला. टाळीचा.

इमाम चुकला तर काय करायचं, याचा नियम त्या हॉलमधल्या दहा वर्षांच्या पोरालाही पाठ होता. मागच्याने गप्प बसायचं नाही. पुरुषाने सुब्हानल्लाह म्हणायचं. बाईने बोलायचं नाही, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या पाठीवर मारायची. इमामाने ऐकायचं आणि सुधारायचं. मागच्याच आठवड्यात दीनियातच्या सरांनी पाचवीत हा धडा शिकवला होता आणि मोठे सर तेव्हा मागच्या बाकावर होते. "इमामाची चूक कळली नाही आणि तुम्ही त्याच्यामागे गेलात, तर माफ आहे," दीनियातचे सर खणखणीत आवाजात सांगत होते. "पण चूक कळली, आणि तरी मुद्दाम त्याच्यामागे उठलात, तर तुमची नमाज गेली. पुन्हा पढावी लागेल." वर्ग शांत होता. सरांनी शेरा दिला होता, उत्तम.

पुन्हा टाळी आली. आता जरा जोरात.

सर खाली बसले. विसरण्याची भरपाई म्हणून जे दोन सजदे जास्तीचे करायचे असतात ते केले, उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम केला, आणि मागे वळून पाहिलं. नऊ पुरुष शिक्षक गालिच्याकडे बघत बसले होते. मुली बसलेल्या भागात बाकीच्या शिक्षिकांच्या मधोमध गणिताच्या बाई होत्या. त्या खाली बघत नव्हत्या.

स्टाफरूममध्ये सर आले तसे डबे उघडायचे थांबले.

"माझी चूक झाली," सर म्हणाले. हे त्यांनी असं म्हटलं की ऐकणाऱ्यालाच गुन्हेगार वाटावं. "चार झाल्या होत्या. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

उपमुख्याध्यापक डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाले, "नाही सर. माझं जरा लक्ष नव्हतं."

"माझंही," भूगोलाचे सर म्हणाले.

पीटीच्या सरांनी नुसती मान हलवली.

"विसरणं माणसाचंच आहे, सर," दीनियातचे सर पुढे झाले. गोड बोलायची त्यांना हातोटी होती. "तुम्ही शेवटचे सजदे केलेत, तुमची भरपाई झाली. आम्हाला कळलं नाही, आम्ही नकळत मागे आलो, आम्हालाही माफ आहे. काळजीचं कारण नाही."

"नऊ माणसं," सर म्हणाले. "नऊच्या नऊ जणांचं लक्ष नव्हतं."

सर बाहेर पडले.

खरं तर त्यांना राग या नऊ जणांचा नव्हताच आला. बेसावध राहिले, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. राग आला होता बाईंचा. सकाळी वर्गात बोललो, त्याचा हिने भर हॉलमध्ये, सगळ्या शाळेदेखत सूड उगवला, असं त्यांनी ठरवून टाकलं. एकदा नाही, दोनदा वाजवली. दुसरी तर जोरात. ऑफिसात येऊन त्यांनी तक्त्यावरच्या "कायम करू नये" खाली रेघ मारली. रेघ मारताना निब कागदात रुतलं.

मधली सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. हात पाठीमागे बांधून सर नेहमीसारखे फेरीला निघाले.

प्रयोगशाळेचं दार लोटलेलं होतं. दाराला वरच्या अर्ध्यात काच होती. आत दोन टेबलांच्या मधल्या बोळात, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून, उपमुख्याध्यापक नमाज पढत होते.

सरांना वाटलं, मागची सुन्नत, म्हणजे सगळ्यांबरोबरच्या नमाजेनंतर एकट्याने पढायची नमाज, राहिली असेल. ती दोन रकातींची. ते थांबले, आणि का कोण जाणे, मोजायला लागले. दोन झाल्या. उपमुख्याध्यापक बसले, आणि सलाम न करता पुन्हा उठले. तीन. काचेवर सरांच्या श्वासाची वाफ धरली, ती त्यांनी बाहीने पुसली. चार. पूर्ण चार. शेवटाला उपमुख्याध्यापकांनी उजवीकडे मान वळवून सलाम केला, मग डावीकडे वळवली, आणि डावीकडे दार होतं.

दोघांची नजरानजर झाली. उपमुख्याध्यापकांचे ओठ सलाम पुरा होईपर्यंत हलत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि बसल्या जागी वर्तमानपत्राची कड दुमडायला लागले. सरांचा हात दाराच्या कडीवर होता. आत शिरून विचारता आलं असतं. लक्ष नव्हतं ना तुमचं, मग ही पुन्हा कशासाठी? त्यांनी हात काढून घेतला.

वाचनालयात दोन कपाटांच्या आड भूगोलाचे सर. खेळाच्या सामानाच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीशेजारी पीटीचे सर, एवढा आडदांड माणूस अंग चोरून माथा टेकत होता. चित्रकलेच्या रिकाम्या वर्गात दोघं, एकमेकांकडे पाठ करून. आणि हॉलच्या स्टेजवर, पडद्यामागे, ज्यांनी सगळ्यांना माफी वाटून टाकली होती ते दीनियातचे सर. त्यांची तिसरी चालली होती.

सहा झाले. उरलेल्या तिघांना शोधायला सर गेले नाहीत.

ते जिन्याजवळ उभे राहिले. जिन्याखाली खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, वर धूळ. राग तर आला होता, कानशिलं तापली होती, पण तो कुणावर फेकावा हे कळेना. भ्याड लेकाचे, असं ते मनात म्हणाले. पुन्हा म्हणाले. खोटं बोलले माझ्याशी, तोंडावर. देवाशी मात्र खोटं बोलायची छाती झाली नाही, म्हणून आता कोपऱ्याकोपऱ्यात लपून फेडतायत. म्हणजे देवाखालोखाल हे मला भितात, असा विचार आला, आणि मग तो दुरुस्त करावा लागला. सगळ्यांसमोर उभं राहायच्या वेळी तर ते मलाच जास्त भ्यायले होते.

तीन वाजता बाई आल्या.

"बसा," सर म्हणाले.

"नको, सर. सही करायची आहे ना?"

त्यांनी तक्ता उचलून उभ्यानेच वाचला. रेघेपाशी जरा थांबल्या. मग पेन काढलं.

"एक विचारतो," सर म्हणाले. "टाळी का वाजवलीत?"

"पाचवी चालली होती म्हणून."

"नऊ पुरुष पुढे होते. त्यांच्यापैकी कुणी बोललं नाही."

"ते भितात तुम्हाला."

"आणि तुम्ही नाही?"

"कालपर्यंत भीत होते," बाई म्हणाल्या. "आता काय भ्यायचं, सर? तुम्ही सकाळीच सगळ्या पोरांदेखत मला सहीला बोलावलंत. माझं जे जायचं होतं ते गेलं. ज्यांचं अजून जायचंय ते गप्प बसले." त्यांचा आवाज चढला नव्हता. "चिडले होते मी तुमच्यावर. अजून आहे. वाटलं, जाऊ दे, पढा पाच, पढा सहा, मला काय त्याचं? पण पोरी शेजारी उभ्या होत्या ना माझ्या. त्यांना काय सांगायचं नंतर?"

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"अकरा महिन्यांत तुम्ही तीनदा आलात वर्गात. तीनदा काय चुकलं ते लिहिलंत. मग मी काय करू, हे एकदासुद्धा सांगितलं नाहीत. पहिल्यांदा लिहिलंत, वर्ग निर्जीव आहे. मी घरी जाऊन रडले, आणि मग पोरांना बोलतं केलं. दुसऱ्यांदा लिहिलंत, गोंगाट. आज धाक नाही." त्या पुढे वाकल्या, पेपरवेट बाजूला केला, ढिगातून आपली टाचणवही ओढून काढली आणि पान उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "सोमवारी दिली होती. वाचलीत?"

आजची तारीख होती. सहावी, अपूर्णांकांची बेरीज. खाली चौथ्या ओळीत निळ्या शाईने लिहिलं होतं, "फळ्यावर एक चूक मुद्दाम करणे. कोण पकडते ते पाहणे. पकडेल त्याच्याकडून दुरुस्त करून घेणे."

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. बाईंनी तक्त्यावर सही केली.

दारात शिपाईमामा येऊन उभे राहिले. "सर, ते अध्यक्षसाहेबांचं पाकीट न्यायचं होतं. चारला ऑफिस बंद होतं त्यांचं."

"आज नाही, मामा."

"काय सांगू त्यांना?"

"शेरा अपुरा आहे म्हणावं."

मामांनी सोळा वर्षांत हे वाक्य ऐकलं नव्हतं. ते दोघांकडे आळीपाळीने बघून निघून गेले.

तक्त्याच्या तळाशी एक चौकोन छापलेला होता, "शिक्षकाचे म्हणणे." छापखान्याकडून तो तसाच आला होता, इतर शाळांचे तक्ते बघून. फायलीतल्या सगळ्या तक्त्यांवर तो कोरा होता. सरांनी कागद बाईंकडे फिरवला आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"इथं लिहा."

"काय?"

"आज सहावीत माझं काय चुकलं ते."

बाईंना ते खरं वाटलं नसावं. त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि लिहायला लागल्या. शेवटच्या तासाची घंटा झाली तेव्हा चौकोन भरून गेला होता आणि त्यांनी कागद पालथा केला होता. त्या अर्ध्या उठल्या. "सहावीवर सरावाचा तास आहे माझा."

"लिहून होऊ द्या," सर म्हणाले. "मी जातो."

सर वर्गात शिरले तसा आवाज बंद पडला. सुबक, एकसारखी शांतता, इतकी वर्षं ज्यासाठी ते झटले तीच. त्यांनी खडू उचलला आणि वजाबाकी घातली, पाच छेद सहा उणे एक छेद चार. पाठ करून ते सोडवायला लागले. डोक्यात अजून ती प्रयोगशाळेची काच होती. दहा छेद बारा उणे चार छेद बारा. उत्तर, सहा छेद बारा. अक्षर छापल्यासारखं.

खडू ठेवून ते दोन पावलं मागे आले, आणि त्यांना दिसलं. एक छेद चारचे तीन छेद बारा होतात. चार नाही.

त्यांनी मागे वळून पाहिलं. अडतीस माना वह्यांत होत्या. पेन्सिली चालल्या होत्या.

"कुणाला काही म्हणायचंय?" सरांनी विचारलं.

कुणाला काही म्हणायचं नव्हतं.

दुसऱ्या बाकावरच्या चष्मेवालीची पेन्सिल हवेत थांबली होती. तिने एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, बाई येतायत का ते बघायला. बाई येत नव्हत्या. मग तिनेही मान खाली घातली आणि लिहिलं.

सर तिच्या बाकाशी गेले. तिने पटकन वहीवर पंजा ठेवला.

"हात काढ."

आवाज त्यांनी मऊ करायचा प्रयत्न केला होता. पण तो त्यांना नीट जमला नाही, आणि पोरीचा चेहरा रडवेला झाला. तिने हात काढला. वहीत लिहिलं होतं, दहा छेद बारा उणे तीन छेद बारा. उत्तर, सात छेद बारा. बारीक अक्षरात, पानाच्या कडेला, जणू काही चोरीचा माल.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "मग मला का नाही सांगितलंस?"

तिने ओठ घट्ट मिटले. शेजारीण आपली वही हळूच मिटत होती. सरांनी तीही पाहिली. तिथेही सात होते. खोडरबराने पुसून वर सहा केले होते.

दारात पावलं वाजली. बाई तक्ता हातात घेऊन उभ्या होत्या, दोन्ही बाजूंनी भरलेला. त्यांची नजर फळ्यावर गेली.

"सर, एक छेद चारचे तीन होतील," त्या म्हणाल्या. कुणालाही म्हटलं असतं तसं. "तिथं चार पडलेत."

अडतीस डोकी सरांकडे वळली. सगळ्यांना नेमकं माहीत होतं आता काय होणार ते.

"हो," सर म्हणाले. "चुकलं माझं."

बाईंनी तक्ता पुढे केला. "हा कुठे देऊ?"

"तुमच्याजवळच ठेवा. तो शेरा धरू नका, मी उद्या पुन्हा येतो वर्गात. टाचण वाचून येईन." त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण पोरं बघत होती, आणि पोरांसमोर काय म्हणावं याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फळ्याच्या कडेचा खडू उचलला. बाईंनी हात पुढे केला, पण सर त्यांच्यापर्यंत आलेच नाहीत, दुसऱ्या बाकाशी थांबले.

"ये," ते चष्मेवालीला म्हणाले. "तूच दुरुस्त कर."

ती उठली नाही. आपल्याला शिक्षा होतेय की काय, हे तिला कळत नव्हतं. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी काहीच खूण केली नाही. त्या सरांच्या हाताकडे बघत होत्या.

सर खडू पुढे धरून उभे राहिले.